एका मताची रात्र

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आम्ही दोघांनी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



विषय काय लिहू, असं चिटणीसांनी फोनवर विचारलं आणि आम्ही 'इंग्लंडची संसद' म्हणालो, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. गणपतीत नाट्यगीतं असतात, कीर्तन असतं, फार तर मधुमेहावर एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान असतं. त्यात ही इंग्लंडची संसद कुठून आली? त्यांचं काही चुकलं नाही. पण हा विषय घेण्यामागे आमची एक जुनी चूक आहे. ती आधी सांगून टाकतो.

आम्ही दोघांनी इथे बडोद्यात मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. दोघांची वर्षं मिळवली तर साठाच्या वर जातात. आमच्या हाताखालून गेलेले काही जण समोर बसलेले दिसताहेत, त्यांना हा प्रश्न आठवेल : 'इंग्लंडची राज्यघटना अलिखित आहे. स्पष्ट करा.' पाच गुण. उत्तर आम्हीच उतरवून द्यायचो. इंग्लंडमध्ये एका पुस्तकात लिहिलेली घटना नाही. तिथला कारभार कायदे, न्यायालयांचे निवाडे आणि परंपरा यांवर चालतो. एवढं लिहिलं की पाचपैकी चार नक्की.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "परंपरा कोणी पाळलीच नाही तर?" आम्ही म्हटलं, "पाळतात." तो म्हणाला, "पण नाही पाळली तर?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि आम्ही सुटलो. खरं सांगायचं तर आम्हाला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात नव्हतं, आणि पुस्तकाबाहेर आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे लंडनला तीन महिने राहिलो. तिथे एका दुपारी संसदेच्या प्रेक्षक-सज्जात जाऊन बसलो. विमानतळासारखी तपासणी होते, मग तो प्रचंड वेस्टमिन्स्टर हॉल लागतो. वॉरन हेस्टिंग्जवर सात वर्षं खटला चालला आणि शेवटी तो निर्दोष सुटला, तो इथेच. वर सज्जात तुमच्या आणि सभागृहाच्या मध्ये जाड काच असते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे सभागृह लहान आहे. सभासद ६५०, आणि सगळ्यांना बसायला जागाच नाही. सव्वाचारशेच्या आसपास माणसं कशीबशी बसतात. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बफेकीत जुनं सभागृह जळून गेलं होतं. नवीन बांधताना मोठं करा, अर्धगोल करा, अशा सूचना आल्या. चर्चिल यांनी ठाम सांगितलं की होतं तसंच, तेवढंच बांधायचं. मोठ्या दालनात रोजची चर्चा ओसाड वाटते आणि माणसं भाषणं ठोकायला लागतात. लहान जागेत समोरासमोर बसून बोलावं लागतं. १९५० मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी लाकडी सामान भेट दिलं. सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, मधलं टेबल कॅनडाचं, आणि आत शिरायचे दरवाजे भारत आणि पाकिस्तान यांचे. आम्ही त्या दरवाजाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो.

समोरासमोर बाकं. सभापतींच्या उजव्या हाताला सरकार, डाव्या हाताला विरोधी पक्ष. विरोधी पक्षनेत्याला १९३७ च्या कायद्यापासून सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. सरकारला विरोध करायचा पगार सरकार देतं! वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. आम्ही आपलं 'सुदृढ लोकशाहीचं लक्षण' असं फळ्यावर लिहून पुढे जायचो.

त्या दुपारी खाली जेमतेम वीस-पंचवीस जण होते. कुठल्याशा विधेयकावर कंटाळवाणं बोलणं चाललं होतं. मग मतदान पुकारलं आणि घंटा वाजायला लागल्या. आठ मिनिटांत शेकडो माणसं कुठून कुठून धावत आली, आणि होकाराच्या आणि नकाराच्या वेगवेगळ्या मार्गिकांतून बाहेर पडली. बसल्या जागी बटण दाबणं नाही. मत द्यायचं तर स्वतःचे पाय घेऊन तिथे हजर राहावं लागतं. शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना आम्ही विचारलं, एखादा आजारी असला तर? ते म्हणाले, मग तुम्हाला १९७९ ची गोष्ट सांगायला हवी. त्यांनी थोडी सांगितली. घरी आल्यावर बाकीची आम्ही शोधून शोधून वाचली. आजचं व्याख्यान म्हणजे खरं तर तेवढीच गोष्ट.

२८ मार्च १९७९. पंतप्रधान जेम्स कॅलहन, मजूर पक्षाचे. सरकारकडे बहुमत नव्हतं. उदारमतवाद्यांशी केलेला समझोता आदल्या वर्षीच संपला होता. हिवाळाभर संप चालले होते. कचरा उचलायला माणूस नाही, काही ठिकाणी प्रेतं पुरायलाही माणूस नाही. वर १ मार्चला स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी का यावर सार्वमत झालं. होकाराची मतं जास्त पडली, पण एकूण मतदारांच्या चाळीस टक्क्यांची अट होती, ती पुरी झाली नाही. स्कॉटिश राष्ट्रवादी चिडले. ते ११ होते. हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर यांनी अविश्वासाचा ठराव आणला. त्यावर कॅलहन भाषणात म्हणाले की ख्रिसमस लवकर यावा म्हणून टर्की पक्ष्यांनी मत दिल्याचं हे इतिहासातलं पहिलंच उदाहरण. टोमणा खराही ठरला : पुढच्या निवडणुकीत त्या ११ पैकी फक्त दोघे परत आले.

दिवसभर प्रतोदांची मोजणी चालू होती. प्रतोद म्हणजे आपण ज्याला व्हिप म्हणतो तो. आपल्या पक्षाचा प्रत्येक माणूस मतदानाला हजर करणं हे त्याचं काम. वेल्सच्या तीन राष्ट्रवाद्यांनी सरकारकडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली : पाटीच्या दगडाच्या खाणींत धुळीने फुप्फुसं गेलेल्या कामगारांना नुकसानभरपाई. तो कायदा खरोखर झाला. सगळ्या सौद्यांत आम्हाला तेवढा एक चांगला वाटला. उत्तर आयर्लंडमधून एक अपक्ष आले, तर ते म्हणाले, मी तटस्थ राहायला स्वतः हजर झालो आहे. विमानाचं तिकीट काढून, समुद्र ओलांडून, मत न द्यायला! आणि त्या दिवशी संसदेच्या उपाहारगृहातले कर्मचारीही संपावर होते, म्हणजे देशाच्या भवितव्याचा फैसला बऱ्याच जणांनी अर्धपोटीच केला.

आता मुख्य माणूस. सर आल्फ्रेड ब्रॉटन, मजूर पक्षाचे यॉर्कशायरमधले सभासद, स्वतः डॉक्टर. अत्यवस्थ होते. तिथे एक परंपरा आहे की आजारी सभासदाला रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारापर्यंत आणलं तरी चालतं. दोन्ही पक्षांचे प्रतोद जाऊन पाहतात, माणूस जिवंत आहे याची खात्री करून मान डोलावतात, आणि त्याचं मत मोजलं जातं. ब्रॉटन यायला तयार होते. पण जवळपास दोनशे मैलांचा प्रवास, वाटेतच काही झालं तर? डॉक्टरांनी धोका सांगितला होता. कॅलहन आणि त्यांच्या प्रतोदांनी ठरवलं, आणायचं नाही.

दुसरा मार्ग होता तो जोडीचा. एका बाजूचा माणूस येऊ शकत नसेल, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मत देत नाही. दोन्हीकडून एकेक वजा, फरक तेवढाच राहतो. हे कुठल्याही कायद्यात नाही. दोन प्रतोद आपापसात ठरवतात आणि शब्दावर चालतं.

मजूर पक्षाचे उपप्रतोद वॉल्टर हॅरिसन, मूळचे वीजतंत्री. हुजूर पक्षाचे उपप्रतोद बर्नार्ड वेदरिल, लंडनच्या एका शिंपी घराण्यातले. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांना रोज पाण्यात पाहिलं होतं आणि रोज एकमेकांचा शब्द पाळला होता. हॅरिसन वेदरिलकडे गेले : आजारी माणसासाठी जोडी द्यायची असं आपलं ठरलेलं आहे, ब्रॉटनसाठी एक माणूस दे. वेदरिल म्हणाले, ते अविश्वासाच्या ठरावासाठी नव्हतं, आज माझ्याकडचा एकही माणूस तयार होणार नाही. मग थोडं थांबून म्हणाले, पण शब्द माझा होता, मी स्वतः मत देत नाही.

याचा अर्थ काय, ते पाहा. वेदरिल यांनी मत दिलं नसतं तर ठराव समसमान मतांवर आला असता. मग निर्णायक मत सभापतींचं, आणि अशा वेळी सभापतींनी सरकारच्या बाजूने मत द्यायचं ही तिथली जुनी रीत. म्हणजे एका हुजूरपक्षीय उपप्रतोदाने मजूर पक्षाचं सरकार वाचवलं असतं, आणि स्वतःचं राजकारण त्याच रात्री संपवलं असतं. हॅरिसन यांना हे सगळं समोर दिसत होतं. हातात आलेलं सरकार. ते म्हणाले, नको. तुला मोकळं केलं.

रात्री दहाला मतदान. ठरावाच्या बाजूने ३११, विरुद्ध ३१०. सरकार एका मताने पडलं. मजूर पक्षाचे काही सभासद तिथेच उभं राहून त्यांचं पक्षगीत गाऊ लागले. कॅलहन उठले आणि म्हणाले की आता आम्ही आमची बाजू लोकांपुढे मांडू. ३ मे रोजी निवडणूक, दुसऱ्या दिवशी थॅचर पंतप्रधान. ब्रॉटन पाचव्या दिवशी वारले.

आमच्यात यावर मतभेद आहे, तो इथे लपवत नाही. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, हॅरिसन यांनी मैत्रीपायी पक्षाशी दगा केला. लाखो मतदारांनी दिलेलं सरकार, ते 'तुला मोकळं केलं' म्हणून सोडून द्यायला त्यांच्या घरचं होतं का? दुसऱ्याचं म्हणणं, निवडणूक तशीही सहा-सात महिन्यांत येणारच होती. तेवढ्यासाठी समोरच्या माणसाचा शब्द त्याच्याच गळ्याला फास म्हणून वापरला असता, तर पुढे कोणत्या आजारी माणसाला जोडी मिळाली असती? आमचं हे भांडण चहाच्या टेबलावर दोन वर्षं चालू आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. नाही पाळली तर? शोधलं तर उत्तरं सापडतात. मे १९७६ मध्ये विमान आणि जहाजबांधणी उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सरकार एका मताने तरलं, ते जोडीत असलेल्या माणसाने मत दिल्यामुळे, असा आरोप झाला. हुजूर पक्षाचे मायकेल हेसेल्टाइन इतके भडकले की टेबलावरचा राजदंड उचलून त्यांनी समोरच्यांपुढे धरला. त्यानंतर हुजूर पक्षाने जोड्या देणंच बंद केलं. मग काय, आजारी, म्हातारे, परदेशी गेलेले सगळे रात्री-अपरात्री खेचून आणावे लागले. जुलै २०१८ मध्ये एक महिला सभासद बाळंतपणाच्या रजेवर होत्या; त्यांच्या जोडीतल्या हुजूर पक्षाच्या गृहस्थांनी मत दिलं. चूक झाली म्हणून माफी मागितली, पण विश्वास बसेना. जानेवारी २०१९ पासून बाळंतपणाच्या रजेवरच्या सभासदाचं मत दुसऱ्याने देण्याची लेखी सोय झाली. शब्द मोडला तिथे नियम लिहावा लागला. त्याच वर्षी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवडे स्थगित करवली. अधिवेशन संपवायचा अधिकार जुनाच होता, पण तो असा कोणी वापरायचा नाही हा संकेत होता. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी तो सल्ला बेकायदा ठरवला आणि दुसऱ्या दिवशी सभागृह पुन्हा भरलं. म्हणजे बाळा, परंपरा मोडली की कोणी आकाशातून येत नाही. समोरचाही पाळणं बंद करतो, मग नियम येतो, नाहीतर कोर्ट येतं.

आणि मुळात पाळतात ते का? इंग्रज माणूस सज्जन असतो म्हणून, असं आम्ही वर्गात सुचवायचो, ते तर साफ चूक. आज उजवीकडे बसलेला उद्या डावीकडे बसणार आहे, हे त्याला माहीत असतं. आज मी तुझ्या आजारी माणसाला ओलीस धरलं, तर उद्या माझा आजारी पडेल.

हे पटायला आपल्या बडोद्यातलंच एक उदाहरण देतो. दादाभाई नौरोजी १८७४ साली इथे मल्हारराव महाराजांचे दिवाण होते. पुढे १८९२ मध्ये ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून संसदेत निवडून आले. पहिल्या मोजणीत पाच मतांनी, फेरमोजणीत तीन. लोक गमतीने त्यांच्या नौरोजी या नावाची 'नॅरो मेजॉरिटी' अशी कोटी करायचे. १८९३ च्या जूनमध्ये त्यांच्या खटपटीने कॉमन्स सभेत ठराव मंजूर झाला की सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्यावी. मंजूर झाला, रीतसर मतं मोजून. लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तेही हेच वर्ष. आणि त्या ठरावाचं काय झालं? काही नाही. सरकारने तो बाजूला ठेवला. त्याच सभागृहाचा शब्द, तेच सभ्य गृहस्थ. पण हिंदुस्थानची माणसं उद्या समोरच्या बाकावर बसून हिशेब मागणार नव्हती. ज्याची पाळी कधी येणारच नाही, त्याला दिलेला शब्द मोडायला काही लागत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ही ओळ असायला हवी होती.

आणखी एक बडोदेकर. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांचा जन्म १८८८ चा, इथलाच. १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अवघ्या तीन मतांनी जिंकली होती. इंग्लंडमध्ये सभापती झालेला माणूस पक्ष सोडतो, आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडेही ही रीत पडावी असं मावळणकरांना फार वाटायचं. ती पडली नाही. आपल्याकडे दुसरी पद्धत आली : १९८५ पासून पक्षादेश मोडला तर सभासदत्वच जातं. तिकडे सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या २१ जणांनी पक्षादेश मोडला, त्यात चर्चिल यांचे नातू होते. पक्षाने त्यांना बाहेर काढलं, पण सभागृहातली त्यांची जागा कोणी काढून घेतली नाही. कुठलं बरं, यावर आम्ही आज बोलत नाही, नाहीतर आमचं दुसरं भांडण सुरू होईल. मात्र एका मताची रात्र आपणही पाहिली आहे. १७ एप्रिल १९९९, वाजपेयींचं सरकार, २६९ विरुद्ध २७०. तो आकडा ऐकून इथल्या किती घरांत टीव्हीसमोर जेवणं थांबली होती, ते आठवत असेल. पंतप्रधान उठले आणि राजीनामा द्यायला गेले.

आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेबद्दल आम्ही काही बोलणार नाही. फक्त एवढंच नोंदवतो की आपल्या घटनेला छापील बत्तीस पानं आहेत, आणि तरी सभा रात्री पावणेबारापर्यंत चालली.

वेदरिल यांचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात ते हिंदुस्थानी घोडदळात होते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि तेव्हापासून मांसाहार सोडला. १९८३ मध्ये ते कॉमन्स सभेचे सभापती झाले, नऊ वर्षं होते. खिशात शिंप्याचं अंगुस्तान ठेवायचे, आपण कुठून आलो हे विसरू नये म्हणून. हॅरिसन कधी मोठ्या पदावर गेले नाहीत. त्या रात्रीवर लंडनमध्ये पुढे नाटकही झालं, ते आम्हाला पाहायला मिळालं नाही. लेक म्हणते, पुन्हा लागलं तर कळवीन.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव आम्हाला आठवतं, पण इथे घेत नाही. वडील रेल्वेत होते, पुढे त्यांची बदली झाली. कुणाशी त्याचा संपर्क असेल तर या अंकाची एक प्रत त्याला पाठवा. चिटणीस घड्याळ दाखवताहेत, आरतीची वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर प्रसादाच्या रांगेत विचारा, आम्ही दोघंही तिथेच आहोत.